जाबदेणार

हर्णै बंदराच्या उतारावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा.
दोन वर्षांपूर्वी विम्याची कंपनी आली.
एका फॉर्ममागे मला बारा रुपये.

द्वारका पावसेचा अंगठा यंत्र घेईना.
चाळीस वर्षं कोळंबी सोलल्यावर
रेषा कुठल्या उरायला?
मी तो रुमालाने पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला,
काचेवर दाबून धरला,
पाटीवर पोराचं बोट धरावं तसा.
सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला.
ती म्हणाली, "म्हणजे आहे मी."

चोराला मात्र तो एका दमात लागला.

खात्यातले एकतीस हजार चारशे गेले.
फोनवरच्या माणसाला तिच्या होडीचा नंबर ठाऊक होता,
आणि बुडालेल्या नवऱ्याचं नाव,
जे ती स्वतः कधी घेत नाही.
अस्मा खलपेचे पैसे वाचले.
फॉर्मात लिहिलेला आजार
तेवढा तिच्या सासरी कळला.

मग कंपनीचं पत्र.
आपली गोपनीयता आम्हांस सर्वोच्च आहे, तथापि
सदर घटना तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरवर घडली असल्याने
कलम चौदा, पोटकलम ग अन्वये
कंपनीवर कोणतेही दायित्व येत नाही.
कृपया आपला पासवर्ड बदलावा.

तिसरा पक्ष?
आमच्याकडे पक्ष दोनच, शुद्ध आणि वद्य.
पाणी त्यांच्यावरच चढतं, उतरतं.

आणि पावसाळ्यापुरती होडी कुणाच्या हवाली केली,
त्याने ती वर ओढली, झापांनी शाकारली,
राखणीचे पैसे मोजून घेतले,
तर दोर तुटल्यावर भरपाई त्यानेच करायची.
वारा होता, म्हणून कुणी सुटत नाही.
वारा असतोच.
राखण त्याच्यासाठीच लावलेली असते.

द्वारकेने अंगठा काउंटरवर ठेवला.
"बदला म्हणतायत ना? हा बदलून दे."
काचेवर कोळंबीचं पाणी उतरलं.
मी पुसलं नाही.

कलम चौदा तिने वाचलं नव्हतं.
अस्माने नाही, पाजपंढरीच्या एकाही खलाशाने नाही.
'मला मान्य आहे' या चौकोनावर
दोनशे अकरा वेळा
माझं बोट पडलं होतं.
एका बोटाचे बारा रुपये.

रत्नागिरीच्या ग्राहक आयोगाकडे पाठवायची तक्रार
रात्री मीच टाइप करायला घेतली.
तक्रारदार: द्वारका हरी पावसे व इतर.
हरी लिहिताना तिने तोंड फिरवलं.
जाबदेणार क्रमांक एक: कंपनी,
मुंबईचा पत्ता, अकरावा मजला.

वकिलांनी बजावलं होतं,
"तुम्ही साक्षीदार राहा, विश्राम. उगाच अडकू नका."
क्रमांक दोनपुढे रेघ लुकलुकत राहिली.
मी माझं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट,
आणि दुकानाचा पत्ता, बर्फाच्या कारखान्याशेजारी.

तिने विचारलं, "काय लिहिलंस?"
मी वाचून दाखवलं.
ती काही बोलली नाही.
तिसऱ्या पानावर प्रिंटरची शाई संपली.
"उद्या येते," म्हणाली,
"लिलाव उरकला की."