दुसऱ्या पाळीची वही

आम्ही भेटायचंच नाही असं ठरलं.
एक पाळी आजारी पडली तर दुसरीनं शटर वर करावं,
म्हणून मुनोतशेठनी माणसं वाटली
पत्ते वाटावेत तशी:
आठ ते दोन मी आणि ढमाले,
तीन ते नऊ बागवान आणि एक नवा पोरगा.
मधला तास जंतुनाशकाचा.

पद्मावतीच्या उतारावर नऊ फुटांचं दुकान.
पुढे नायलॉनची दोरी,
दोरीपलीकडे चुन्याचे गोल,
गोलांत खोकला गिळत उभी माणसं.

दोन पाळ्यांच्या मध्ये एक शंभर पानी वही.
पेन ज्याचं त्यानं आणायचं.

माहिती यायची रात्री साडेअकराला,
ग्रुपवर, कुणाच्या तरी मेहुण्याकडून.
सकाळी सातला मी संघटनेच्या कुलथेंना फोन लावायची:
हे खरंय, की नुसतंच पुढे ढकललेलं?
ते म्हणायचे, थांबा, मीही विचारतो.

मग दोन वाजता लिहायची:
कालचं परिपत्रक रद्द. आज सकाळचं धरा.
तापाची गोळी चिठ्ठीशिवाय नेणाऱ्याचं नाव, नंबर लिहून घ्या.
लोक नावं खोटी सांगतात. चिडू नका.
नंबर तेवढा खरा मिळवा.
थायरॉइडच्या अकरा बाटल्या. एका घरी एकच.
ऑक्सिमीटर नाहीत.
येतील असं म्हणू नका,
येणार नाहीत असंही म्हणू नका.

सकाळी त्याचं वाचायची:
कदम आजोबांचं इन्सुलिन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, सून येईल.
एका बाईंनी विचारलं, काढा चालू केलाय,
बीपीची गोळी सोडू का?
नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. उद्या तुम्हालाही विचारतील.
ढमालेला सांगा, पास वरच्या खिशात ठेव,
चांदणी चौकात काल पाऊण तास गेला त्याचा.

बागवानचा ळ गोल, पोट सुटलेला.
चेहरा मला मास्कच्या वरचाच माहीत,
तोही आदल्या वर्षीच्या पगाराच्या रांगेतला,
तेव्हा मास्क नव्हता, मी बघितलंच नव्हतं.

एके सकाळी अक्षर वेगळं.
ताठ, शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी:
मी वाळुंज. ससूनच्या औषध विभागातून निवृत्त.
बागवानांना ताप आहे. शेठचा फोन आला.
मुलगा नको म्हणाला. आले.
मेटफॉर्मिन कुठं ठेवता तुम्ही?
अर्धं गिऱ्हाईक बघत होतं, मी हुडकत होते.

त्या दिवशी मी वहीत दुकान काढलं.
एक भिंत एका पानावर, दुसरी दुसऱ्या.
लिहिलं: तिसरा खण ओढताना वर उचला.
डोळ्यांचे थेंब वर नाहीत, गल्ल्यामागे.
वरच्या दिव्याला दोनदा बटण लागतं.
लिहिता लिहिता कळलं,
की ह्यातलं बरंचसं फक्त मला आणि बागवानला माहीत होतं,
आणि त्यातला एक आता बाणेरला,
कुठल्याशा मोठ्या हॉलमध्ये, खाट क्रमांक ठाऊक नाही.

बाईंनी खाली लिहिलं: नकाशा उत्तम. उत्तर दिशा दाखवलेली नाही.
मी नऊ दिवसांनी हसले.

सतरा दिवस वाळुंज बाईंचा ळ,
शिस्तीत उभा, पाठ न टेकलेला.
बागवानचं कुणी विचारलं नाही वहीत.
विचारायची जागाच नव्हती, प्रत्येक ओळीत औषध होतं.

अठराव्या सकाळी शेवटच्या ओळीत,
बाईंच्या सहीखाली, फिक्या शाईत:
सकाळच्या हिशोबात थायरॉइडच्या किती उरल्या?

ळ बराच वाळलेला.
पण त्याचाच.

मी पेनाचं टोपण काढलं. ढमालेला हाक मारली नाही.
लिहिलं: सात.
मग थोडी जागा सोडून,
एका घरी एकच.