एकास शंभर

बस्त्यावच्या कारखान्यातला बर्फ माशांसाठी असतो.
मी दोन किलो नेते, गोणपाटात गुंडाळून,
आणि तो दर वेळी विचारतो,
"बाय, तुझो मासो कधी दाखवतलंस?"

देवगडात मे महिन्यात नळाचं पाणी तीस अंशांचं.
औषधाला वीस लागतात.
बादलीत बर्फ, बर्फात टाकी,
वितळता वितळता एक बांगड्याचं खवलं सुटतं
आणि थर्मामीटरला चिकटून बसतं,
एकवीसच्या रेघेवर.

त्या रात्री धक्क्यावर एकच बल्ब होता.
ट्रॉलर उशिरा लागला, जनरेटर रुसलेला,
रुक्मा तांडेल पाटावर बसून कोळंबी निवडत होती
बोटांनीच बघत.
कॅमेऱ्यात चारशेची फिल्म.
मी त्याला सांगितलं, सोळाशेची आहे.
त्याने मुकाट्याने मानलं.
सेकंदाचा तिसावा भाग, कोपर खांबाला टेकलेलं,
छत्तीस वेळा तेच खोटं.

आता ते निभवायचं.
मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने पाच मिली औषध,
पाण्याने भरून पाचशे.
एकास शंभर.
इतकं पातळ की जिभेला शंका येईल
(चाखू नये. मी एकदा चाखलंय.)
पहिलं अर्धं मिनिट टाकी उलटी-सुलटी,
ओट्यावर दोन टिचक्या, बुडबुडे सुटावेत म्हणून,
आणि मग दीड तास
हात लावायचा नाही.

हेच जमत नाही.
आमच्या घरात आमटीसुद्धा कुणी न ढवळता सोडत नाही.
मी मोरीच्या उंबऱ्यावर बसते, नखं कापते,
बाहेर कुणी होडीच्या फळीत कापूस ठोकतंय
ठक, ठक, थांबून, ठक.
आत काळोखात, मला न दिसता,
जिथे बल्बचा उजेड भरभरून पडला होता
तिथलं औषध लवकर थकतंय,
आणि जिथे जेमतेम पोचला
तिथे अजून काम चाललंय,
सावकाश, उधारी फेडल्यासारखं.
पंचेचाळिसाव्या मिनिटाला टाकी एकदाच उलटते,
झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी.

हायपोचा आंबूस वास. धुणं.
दोरीवर चिमटे लावून फिल्म टांगते.
रवा मोठा आलाय.
तूप रवाळ झालं की आई खूश व्हायची,
फिल्मचं तसं नसतं,
पण रुक्माच्या मनगटावरचं मीठ
ह्या रव्याशिवाय दिसलं नसतं.
कोळंबीच्या मिश्या आल्यात. ओला दोर आलाय.
बल्बसुद्धा फुटलेला नाही, आतली तार मोजता येते.

आणि सव्विसावी चौकट कोरी.

म्हणजे काच. आरपार.
ती बस्त्यावची.
कारखान्याच्या दारात उभा होता, बल्बपासून वीस पावलं,
म्हणाला होता, "काढ एक, चेडू कुवेतात आसा, धाडतंय."
मी काढला. मला तो डोळ्यांनी दिसत होता,
म्हणून वाटलं, फिल्मलाही दिसेल.
औषध ओढून ओढून किती ओढणार.
जे पडलंच नव्हतं ते कुठून आणणार.
भिंगाखाली धरलं तेव्हा मध्येच
एक काळा ठिपका सापडला, टाचणीच्या डोक्याएवढा.
आधी वाटलं धूळ.
पुसून पाहिलं. जाईना.

बिडी.

तरी मी ती चौकट छापली, पोस्टकार्डाएवढी.
सगळा कागद काळा, मधोमध पांढरा कण.
माफी कशी मागायची हे वाटेत तीनदा जुळवलं
आणि बर्फाच्या खोलीत पोचल्यावर विसरले.
त्याने हात लुंगीला पुसले,
कागद दाराशी नेला, उजेडात तिरका धरला,
बराच वेळ.

"ह्यो मीच," म्हणाला.
"दुसरो कोण असतलो तितक्या रात्री?"

मग पाकीट मागितलं, आणि कुवेतचा पत्ता
माझ्याकडूनच लिहून घेतला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत.
फोटोचे पैसे विचारले नाहीत.
बर्फ मात्र तोलून दिला,
दोन किलो, वर एक ग्रॅम नाही.