दुपारी दोननंतर

सकाळी चालतो, फाउस्तीनो म्हणाला,
गार इतका की मागच्या बायका शाल मागतात.
दुपारी दोननंतर रुसतो.
मग नुसता पंख्याचा फुफाटा,
सगळं वाळवंट चाळून तोंडावर.

मेहिकालीत ऑगस्ट म्हणजे
पान्हा उन्हात विसरलात
तर परत उचलायला फडकं लागतं.
आणि फाउस्तीनोची व्हॅन डायलिसिसवाल्यांची.
जाताना सहा, येताना सहा,
येताना सगळे पिळून वाळत घातल्यासारखे.

तीन गॅरेजांत गॅस भरून झाला होता.
गॅस पुरेसा आहे, मी म्हटलं. पैसे गेले तुझे.
बॉनेट उघडून इंजिन तापत ठेवलं
आणि आम्ही टरबुजाच्या फोडी खात बसलो,
कारण हा आजार बोलावून येत नाही,
त्याची वाट बघावी लागते.

दोन वाजून दहा मिनिटं.
पुली गरगरतेय, पुढची थाळी उभीच.
वायरीत वीज आहे, टेस्टरचा दिवा लागतोय.
म्हणजे हाक जातेय.
ओ मिळत नाही.

झाडूच्या दांड्यानं थाळीला टपली मारली.
टक्.
बसली, फिरली, पाइपाला घाम फुटला.
फाउस्तीनोनं छातीवर क्रूस काढला.
म्हटलं, थांब, आधी फट मोजू दे.

इंजिन बंद. गेजची पाती.
अर्ध्या मिलिमीटरचं आरामात गेलं,
पाऊणचंही,
एकाचं जरा घासत.
असायला हवी अर्ध्याच्या आसपास.
उरलेलं झिजलं, दर टक्‌ला थोडं,
अकरा वर्षं, प्रत्येक सिग्नलला,
दवाखान्याच्या प्रत्येक फाटकात.
त्यात गुंडाळी तापली की तिचा जोर उतरतो,
आणि जिला ओढायचं ती आधीच लांब गेलेली.

मधली एक पातळ चकती काढली की फट मिटते.
मामा तेवढंच करायचा,
गिऱ्हाइकाचा एक उन्हाळा काढून द्यायचा.
मीही केलं असतं.
पण थाळीवर जांभळे डाग, जळका वास,
आणि पुली हातानं फिरवली
तर बेअरिंग वाळू दळत होतं.

मग मधला बोल्ट. पुलर. थाळी.
सर्कलिप उडाली ती थेट टरबुजाच्या सालींत.
पुली. शेवटी कॉइल,
तिचा खुंट एकाच खाचेत बसतो, दुसरीकडे बसवून बघू नका.
गॅसचं टोपणसुद्धा उघडलं नाही.
नवं सगळं उलट क्रमानं,
आणि फट तीन ठिकाणी मोजली,
कारण एका बाजूनं बरोबर असणं फसवं असतं.

चाचणीला मीच बसले, परतीच्या फेरीला,
जाळीत थर्मामीटर खोचून.
शेजारी दोन निकानोर, दंडाला पट्टी.
काय केलंस, त्यांनी विचारलं. सांगितलं.
ते म्हणाले, मलाही बसवलंय काहीतरी. बोट ठेव.

मनगटाच्या वर, कातडीखाली,
शीर आणि धमनी जोडलेल्या जागी
बारीक घरघर चालू होती,
न थांबता, एकसारखी.
मी डोळे मिटून ऐकलं, म्हणजे बोटानं.
बेअरिंग चांगलं आहे, म्हटलं.

ते खूप वेळ हसले.
मग पुढे वाकून फाउस्तीनोला म्हणाले,
जरा कमी कर रे, गारठलो.