आठ गुणांचा प्रश्न

फुजैरा, तिसरा मजला. खिडकीबाहेर तेलाची जहाजं
नांगर टाकून हुकमाची वाट बघत, आठवडेच्या आठवडे.
जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीला टेकून
पंधराशे छत्तीस सालचं इंग्लंड.

प्रश्न: उत्तरेतला उठाव का फसला? गुण आठ.

जॉयस्टन डाबरे, मूळ वसईचा, पेन चावत विचारतो,
"मिस, म्होरक्या वकील होता ना?
वकिलाला कळायला नको?"

होता वकील. एका डोळ्याचा.
राजानं मठ मोडले, छपरांचं शिसं विकलं,
तेव्हा तीसेक हजार माणसं उठली,
पाच जखमांचं चिन्ह मिरवत.
"पाच जखमा मला माहीत आहेत,"
म्हणत तो स्वतःचे तळवे उताणे करून बघतो.
शाई आहे फक्त.

मग माफी आली, राजाच्या शब्दाची.
वकिलानं सगळ्यांदेखत छातीवरचं चिन्ह ओरबाडून काढलं:
आता आपण राजाची माणसं, घरी जा.
नाताळात राजानं बोलावून घेतलं, लाल रेशमी कोट दिला.
उन्हाळ्यात यॉर्कला साखळ्यांत टांगलं.

कोटाचं पुढं काय झालं, पुस्तकात नाही.

जॉयस्टन पान उलटत नाही.
का, ते अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे.
याच्या बापानं, जहाजदुरुस्तीच्या यार्डातल्या इनास फोरमननं,
थकलेल्या ओव्हरटाइमसाठी चारशे सह्या गोळा केल्या, अंगठे धरून.
साहेबानं केबिनमध्ये बसवून चहा पाजला,
तू तर घरचाच, म्हणाला,
कंपनीचं जाकीट दिलं. निळं, खिशावर सोनेरी नांगर.
इनासनं कॅम्पात येऊन स्वतःच्या हातानं कागद फाडला.
सहा आठवड्यांनी बाकीच्यांना निम्मे पैसे,
इनासला तिकीट. जाण्याचंच.

आई क्लिनिकात नोकरीला, म्हणून पोरगा अजून इथं.
जाकीट दारामागं लटकतंय म्हणे. धुतलेलं नाही.

केसानं गळा कापणं इंग्रजीत कसं लिहायचं
ते मला वीस वर्षांत जमलेलं नाही.
मी मुद्दे सांगते: उमरावांची माघार, पुढाऱ्यांतली फूट,
दुसऱ्यांदा उठण्याची काही जणांची घाई...
तो मान हलवतो आणि एकच ओळ लिहितो:

डिसेंबर होता. त्याला थंडी वाजत असेल.

गुणांच्या तक्त्यात हे उत्तर नाही.
लाल पेनाचं टोपण मी काढते, लावते,
एसी बंद करून खिडकी उघडते.

बाहेर बेचाळीस डिग्री.