दीड ते साडेपाच

उद्यमबागेत दीडचा भोंगा झाला
की मी हात धुते. नखांत काळं तेल राहतंच.
नागव्वा डबा उघडते, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी,
आणि मी चप्पल घालते.
आठ वर्षं हेच.

आज होसमनी सरांनी कागद दिला.
साडेआठ ते साडेपाच. पीएफ. ईएसआय. सतरा हजार.
आत्ता नऊ मिळतात.
कागद कानडीत. नागव्वानं बोट ठेवून वाचला,
"पूर्णावधि."
म्हटलं, हा तर आमचा शब्द.
"नम्दु," ती म्हणाली. आमचा.
मग दोघींनी खाली बघितलं,
सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती,
ठिपके कुठल्याच भाषेत नव्हते.

माझं काम भोकं तपासायचं.
व्हॉल्व्हच्या प्रत्येक भोकात गेज घालायचा,
एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'.
'गो' आत जायला पाहिजे,
'नो-गो' जाता कामा नये.
दोन्ही गेली तर भोक मोठं, भंगार.
दोन्ही अडली तर परत मशीनवर.
दिवसाला चारशे नग. हातालाच कळतं,
डोक्यापर्यंत जावं लागत नाही.

रात्री परशरामला सांगितलं.
तो गाडीचा हप्ता मनातल्या मनात वजा करत होता,
ओठ हलत होते.
"घे की. सृष्टी दहावीत आली.
अर्धा दिवस कशाला पाहिजे आता तुला?"

खरं आहे.
पोरगी लहान म्हणून अर्धा दिवस घेतलेला.
आता ती सायकलनं ट्यूशनला जाते, सहाला येते,
दार ढकलून आधी चार्जर शोधते.
म्हणजे कारण संपून तीन वर्षं झाली
आणि मी कुणाला बोलले नाही.
नंदगडहून सासूबाईंचा फोन येतो,
"दुपारी काय करूलैस गे?"
मी म्हणते, कामं काय थोडी आहेत.

काय करते मी दुपारी?
वडगावात आमच्या गल्लीत माग चालू असतात,
त्या खटखटीत आमचं घर फार शांत वाटतं.
भांडी तशीच ठेवते.
मागच्या पायरीवर बसते, पाय उन्हात, डोकं सावलीत.
कधी अख्खा पेरू खाते, मीठ लावून.
कधी वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकातली
एकच गोष्ट परत वाचते, शेवट माहीत असून.
एकदा मुंग्यांची रांग बघितली, तास गेला.
चार वाजता ऊन समोरच्या भिंतीवरून उतरतं,
दोरीवरच्या परकरातून आरपार जातं,
तेव्हा मी कुणाची कोण नसते.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सतरा हजार म्हणजे
पोरीच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष,
माझी दाढ, जी मी दोन वर्षं डावीकडून चावून टाळली,
आणि म्हातारपणी कुणापुढे हात न पसरणं.
हे सगळं सरळ आत जातं. घासत नाही.
दुसरं टोक
मी रात्रभर बोटांत फिरवत राहिले.

सकाळी सही केली. मराठीत,
नेहमीसारखीच, वेलांटी जरा मोठी.
मग म्हटलं, सर, एक आहे.
माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीपाशी पाहिजे.
"याकव्वा?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
आठ वर्षांत जमलेलं कानडी गोळा केलं मी,
"बेळकु बेकु."
उजेड पाहिजे.
भोकं नीट दिसायला, असं त्यांना वाटलं.
वाटू दिलं.

खिडकीवर ग्रीसचा थर आहे, बोटभर.
उद्या घरातून सोडा न्यावा लागेल,
आणि जुने पेपर.