नमुना क्रमांक सदतीस

आपल्याकडे म्हणतात, तुटेपर्यंत ताणू नये.
अ‍ॅक्रनमध्ये मला पगार
नेमका त्याचाच मिळतो.

रात्रीचे पावणेदोन. खिडकीबाहेर ओहायोचा फेब्रुवारी.
दोन जबड्यांत रबराची पट्टी, करंगळीएवढी,
आणि यंत्र तिला मिनिटाला पाच मिलिमीटर
इतक्या सभ्यपणे ओढतंय
की बघणाऱ्याला वाटावं, समजूत घालतंय.

बाहेरून सगळी पट्टी सारखीच लांबते.
हे खोटं आहे.
आत सुगरणीने अर्ध्यावर सोडलेल्या खोप्यासारखा गुंता,
लांब साखळ्या, आखूड साखळ्या, जागोजाग गाठी.
लांबीला पत्ताच नसतो की ओढ सुरू झाली.
काही स्वतःभोवती वळून त्याच गाठीत परतलेल्या,
काहींचं एक टोक बांधलेलं, दुसरं मोकळं,
त्यांच्यावर भार येतच नाही.
ताण जातो दोन गाठींमधल्या
त्या आखूड, सरळ, कमी बोलणारीकडे.
ती तुटते.
आम्ही तिच्यात रंग पेरून ठेवलाय,
तुटताना निळी चमकते, एकदाच,
काजव्याला परवडेल तेवढाच वेळ.

ओडेल प्रुइट, रात्रपाळीचा वॉचमन, स्क्रीनपाशी थबकतो.
एकोणीस वर्षं त्याने टायर बांधले.
म्हणतो, तेव्हा इथला बर्फही काळा पडायचा.
खिशातून रबरबँड काढतो: ‘ताण. आता ओठाला लाव.’
गरम.
सैल सोडला की गार.
समीकरण मला पाठ आहे.
ओठाला लावून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

यंत्र थांबतं. पट्टी सोडवून मोजते:
पन्नास मिलिमीटर. पहिल्याइतकीच.
‘म्हणजे काही झालं नाही तिला.’
मी पुन्हा ओढते. या वेळी रेष खालून जाते,
मघाशी जिथवर ताणली होती तिथवर
ती फारशी हुज्जत घालत नाही.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणे.
इथे सुंभ शाबूत,
पीळ गेलेला.

ओडेल दोन रेषांमधली जागा बघत राहतो.
‘कारखाना बंद झाला त्या शुक्रवारी
मी वेळेवर घरी गेलो. जेवलो. भांडी घासली.
कुणी मोजलं असतं तर...’
मग किल्ल्यांचा जुडगा उचलतो,
तिसऱ्या मजल्याची फेरी राहिलीय.
रबरबँड माझ्याकडेच राहतो.

नोंदवहीत लिहिते:
सदतीस. लांबी, कायम.