सकाळी सातचं बुलेटिन

पुएर्तो माँतहून कागद येतो,
मी तो वाचते.
"चिलोएची आतली बेटं: अंशतः ढगाळ,
वारा दक्षिणेचा, मध्यम."
एवढं बोलून मी घोटभर पाणी पिते,
कारण आता फोन सुरू होणार.

लिनलिनवरून एदुविनाबाई:
"अंशतः म्हणजे कुणाच्या अंशावर, पोरी?
माझ्या बटाट्यांवर तर पूर्णच आहे."
धक्क्यावरून बाल्दोमेरो, लाँचवाला:
"दक्षिणेचा वारा मला अजून भेटला नाही.
भेटला तर सांगतो तुमचा निरोप."
कुणीतरी नाव न सांगता नुसतं खोकतं
आणि ठेवून देतं.
तेही आमच्याकडे हवामानच.

इथे ऊन पडलं असं कुणी म्हणत नाही.
म्हणतात, "अजून तरी काही नाही."
फारच उघडलं तर आवाज उतरवून,
"बघ, कसं साळसूदासारखं बसलंय."
आभाळाचं कौतुक त्याच्या तोंडावर करू नये.
पावसाशी मात्र घरच्यासारखं:
"आलास? दार लावून घे."
आख्ख्या गावात छत्री एकच, पाद्रीबाबांची,
आणि तीही उलटी झालेली.

पूर्वेचा पुएल्चे सुटला की बोटं मोजतात:
एक, तीन, पाच.
विषम दिवसच राहतो म्हणे.
चौथ्या दिवशी थांबला तर वाऱ्याला दोष नाही,
"तू मोजायला उशिरा लागलीस."

फेब्रुवारीत एकदा मी वाचलं,
"निरभ्र, संध्याकाळपर्यंत."
माझा दीर रोसामेल, त्याने
पाच ओहोट्या कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून
ओढून काढलेलं तांबडं शेवाळ
चर्चपासून पुलापर्यंत रस्त्याकडेला पसरलं.
ओल्याला काय मिळतं, वाळल्याला काय,
ते इथलं शाळकरी पोरही सांगेल.

साडेदहाला आला.
आधी गुरं एका बाजूला तोंड करून उभी राहिली,
मग डोंगर गेला, मग पूल गेला,
मग रोसामेल दिसेना,
नुसती त्याची पिवळी टोपी
इकडून तिकडे धावताना.

संध्याकाळी तो दारात आला तेव्हा
माझी सगळी वाक्यं तयार होती:
कागद त्यांचा, मी फक्त वाचते, वगैरे.
त्याने बूट चुलीपाशी उपडे ठेवले.
माते ओढून झाल्यावर म्हणाला,
"कागद बरोबरच असेल.
पण 'निरभ्र' म्हणताना
तुझा आवाज ओला होता.
मी ऐकला होता. तरी पसरलं.
चूक माझी."

आदल्या रात्री पुन्ता अरेनासहून
त्याच्या भावाचा निरोप आला होता:
यंदाही जमणार नाही.
मी तो कुणाला वाचून दाखवला नव्हता.

रोसामेलने चुलीत एक लाकूड सारलं.
ते बराच वेळ नुसतं फसफसत राहिलं.
"लाकूडही धड वाळलं नाही यंदा," तो म्हणाला,
आणि आम्ही दोघं तासभर
लाकडाबद्दलच बोललो.

तेव्हापासून कागद वाचून झाला की
मी खिडकी उघडते,
माईक तारेसकट बाहेर धरते,
अर्धा मिनिट, पत्र्याखाली.
जे असेल ते ऐका.
लगेच फोन: "तुमच्या पत्र्याचं राहू द्या हो,
आमच्याकडे टिपूस नाही."
दुसरा: "जरा जोरात धरा, नीट येत नाही."

आणि रोज शेवटी एदुविनाबाई.
बटाटे, कोंबड्या, गुडघा,
सगळं सांगून झाल्यावर,
"आणि तुझ्याकडे काय, पोरी?"
"अजून तरी काही नाही," मी म्हणते.

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
दक्षिणेचा असावा.